वखारीतला नाच

बेळगावच्या खासबागेत माझं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे मला भोंगेअण्णा म्हणायचे. लाउडस्पीकरचा कर्णा म्हणजे आमच्याकडचा भोंगा, आणि तो भाड्यानं देणारा म्हणून मी भोंगेअण्णा. बायकोला कुणी भोंगेवहिनी म्हटलं की ती चिडायची. मला कधी राग आला नाही. ज्यावर पोट भरलं त्याचं नाव लागलं तर बिघडलं कुठं?

संपादकांनी ‘धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं कळवलंय. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की एकच गोष्ट पुढं येऊन बसते, आणि ती गमतीची नाही. ती कुणाला धडपणे सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा. तेव्हा गमती आधी उरकतो.

लोकांना वाटतं, भोंगा बांधला, बटण फिरवलं, की झालं काम. तसं नसतं. आमचं खरं काम कानाचं. लग्नात पंगत बसली की मांडवातला गलका एकदम खाली येतो. मान वर न करता मला कळायचं की पहिला भात पडला. भांडण लागायच्या आधी गर्दीच्या एका कोपऱ्यातला आवाज बारीक होतो, मग वाढतो. तो बारीक झाला की मी तबकडी बदलायचो. निम्मी भांडणं त्यातच विरायची.

टिळकवाडीत दरवर्षी व्याख्यानं व्हायची. ऐकायला सगळी निवृत्त मंडळी, मास्तर, वकील. हिवाळ्याचे दिवस. वक्त्यानं पाच मिनिटं घेतली की खोकल्याची साथ सुरू व्हायची. एक खोकला की दुसऱ्याला आठवण व्हायची. तिथं मी एक युक्ती शिकलो. खोकला वाढला की आवाजाचं बटण केसभर वर घ्यायचं. खोकणाऱ्यालाही स्वतःचा खोकला ऐकू येत नाही आणि सभा शांत वाटते. एका पाहुण्यांनी शेवटी सांगितलं, “बेळगावसारखे तल्लीन श्रोते मी कुठं पाहिले नाहीत.” मी मागं वायर गुंडाळत हसत होतो. पुढं ती युक्ती हातात इतकी बसली की खोकला ऐकू आला की डोक्याला न विचारता बोटं बटणावर जायची.

आता मी घालायचो त्या फुकटच्या नाचाबद्दल. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत विजेची कपात असायची. वडगावात घरोघरी यंत्रमाग. शुक्रवारी वीज नसली की सगळे माग बंद. ज्या गल्लीत सहा दिवस खटाखट ऐकून कान किटायचे ती गल्ली सातव्या दिवशी मुकी व्हायची, आणि बापयमाणसं दुपारपासूनच गुत्त्याची वाट धरायची. मी स्वतः विणकराच्याच घरातला. माझा थोरला भाऊ अशाच एका शुक्रवारी डोकं फोडून घेऊन घरी आलता. तेव्हा मी ठरवलं. माझ्याकडं बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर आहे, तबकड्या आहेत, वडगावच्या टोकाला मोकळं मैदान आहे. दुपारी तीन ते दिवेलागण, ज्याला नाचायचंय त्यानं यावं. फुकट.

फुकट म्हटल्यावर लोक आधी संशय घेतात. कोण निवडणुकीला उभा राहतोय, असं मला दोघांनी विचारलं. मी सांगितलं, माझा भोंगा उभा राहतोय.

पण नाच घालणं म्हणजे नुसतं गाणं लावणं नव्हे. शंभर माणसं एका तालावर उड्या मारायला लागली की त्यांचं अंग त्यांच्या ताब्यात राहत नाही. मी बांबू रोवून भोवती दोरी बांधायचो, आणि दोरीला चार वाटा ठेवायचो. एकच वाट असली की घाबरलेली माणसं तिथंच तुडवली जातात. पाण्याची दोन पिंपं सावलीत. वायर डोक्यावरून, पायात कधी नाही. पिऊन आलेल्याला हाकलायचं नाही, हाकलला की तो चार जणांना घेऊन परत येतो. त्याला माझ्या शेजारी बसवायचं आणि सांगायचं, “ह्या बॅटरीवर लक्ष ठेव, तुझ्यावर भरवसा हाय.” तो बिचारा दिवेलागणीपर्यंत बॅटरीकडं डोळे लावून बसायचा. आणि शेवटच्या तीन तबकड्या संथ चालीच्या. नाच एकदम तोडला तर अंगातली रग हाणामारीत निघते. ती हळूहळू उतरवून माणसाला घरी पाठवायचं असतं. इतक्या शुक्रवारांत एकाचा पाय मुरगळला, तोही घरी जाताना गटारात. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

अशाच एका शुक्रवारी मी वायर गुंडाळत असताना एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल, काटक, पदर खोचलेला. निपाणीची. मामेबहिणीकडं वडगावला आलेली आणि दुपारभर पायरीवर बसून नाच बघत होती. हौसाक्का तिचं नाव, हे मागनं कळलं. तिनं नाव न सांगताच विचारलं.

“अण्णा, ह्यो नाच फुकट हाय न्हवं?”

“व्हय.”

“मग बायकांस्नी का न्हाय?”

मी म्हटलं, बायका बघत्यातच की पायरीवर बसून.

“बघून पाय मोकळं हुत्यात व्हय?” ती म्हणाली. “आमी वखारीत तंबाखू निवडतो. सकाळपास्नं सांजपतोर पाय दुमडून बसायचं. उठलं की गुडघं बोलत्यात. नाच तर आमालाच पायजे, अण्णा. तुमी बापय तर उभं ऱ्हाऊनच काम करताय.”

मी विचारलं, करायचा कुठं? पटांगणात नाचलं तर गाव नावं ठेवील. तिनं त्याचाही विचार केलेला होता. नागपंचमीला कामाला सुट्टी. झिम्मा-फुगड्या त्या दिवशी चालतातच, पण गल्लीत, सासूच्या डोळ्यांपुढं आणि पावसाच्या चिखलात. ती कामाला जायची त्या मालकाची एक वखार त्या दिवसांत रिकामी असते. तिथं दारं लावून घ्यायची. आत बापय एकही नको.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुमी पडद्याआड, भित्तीकडं त्वांड करून.”

पुढचे दोन महिने ही बाई निपाणीत घरोघर हिंडली. साठेक घरं. कुठं सासू अडवायची, कुठं नवरा. प्रत्येक उंबऱ्यावर तिनं एकच शब्द दिला, “जशी न्हेली तशी आणून सोडीन. दिवं लागायच्या आत.” हा शब्द तिला साध्या बोलण्यासारखा नव्हता. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. गावात तिची पत होती ती शब्दाच्या जोरावर. मालकालाही तिनंच पटवलं. त्याची अट एकच होती, फरशीवर पाण्याचा थेंब सांडायचा नाही, कारण वखारीत ओल शिरली की पुढं तंबाखूला बुरशी लागते. ती अट आम्ही काटेकोर पाळली.

आदल्या दिवशी मी टेम्पोतून सामान घेऊन गेलो. हौसाक्काची धाकटी बहीण तारा मदतीला होती. नवऱ्यानं टाकलेली, बहिणीकडंच राहायची, त्याच वखारीत निवडायला बसायची. बावीस-तेवीसची, हसरी. मी त्या वर्षी नवी पेटी घेतली होती. भोंगा उघड्यावर चालतो, बंद जागेत तो कान फाडतो. बंद जागेला लाकडी पेटीतला मोठा स्पीकर लागतो, त्याचा ठोका छातीत वाजतो. ताराला ती पेटी बघून नवल वाटलं.

“अण्णा, ह्यात मानूस मावतंय की,” ती म्हणाली आणि वाकून जाळीतनं आत बघायला लागली.

तिनंच माझ्या पडद्याला एक दोरी लावली आणि टोकाला बैलाच्या गळ्यातली घंटा बांधली. एकदा वाजली की दुसरं गाणं, दोनदा वाजली की बंद. बायकांनी फरशी दोनदा झाडली. मी वायर भिंतीनं वरून नेली. पुढचं दार आणि मागचं दार, दोन्ही आतून नुसती कडी, कुलूप नाही, आणि दोन्हीकडं एकेक वयस्क बाई बसणार. पाण्याची पिंपं बाहेरच्या ओसरीत. एक गोष्ट राहिली होती. खिडक्यांना दारं नव्हती, नुसते गज. गावातली टवाळ पोरं बैलगाडी लावून वर चढतील आणि बघतील, अशी बायकांना भीती. मी शिडी घेतली आणि आठही खिडक्यांना स्वतःच्या हातानं गोणपाट ठोकलं. नीट, चारी बाजूंनी खिळे मारून. खाली उतरून हौसाक्काला विचारलं, “झालं न्हवं मनासारखं?”

“आता कसं, आपल्या घरागत वाटतंय,” ती म्हणाली.

शिडीवर चढलो होतो तेव्हा छप्पर माझ्या डोक्यापासून चार हातांवर होतं. मी वर बघितलं नाही.

नागपंचमीला दुपारी बायका आल्या. मी आधीच पडद्याआड भिंतीकडं तोंड करून बसलेलो. म्हणून त्या नाचाचं मला काही दिसलं नाही, फक्त ऐकलं. सुरुवातीला लाजल्या. पहिली तबकडी नुसती कुजबुजीत संपली. मग कुणीतरी, ती तारा असावी, खणखणीत हाळी दिली आणि फेर धरला गेला. साठ बायकांचे अनवाणी पाय एका तालात फरशीवर, वर बांगड्या. वडगावच्या बापयांचा नाच मी शंभरदा ऐकला होता. त्यात जोर असतो, एकमेकांना दाखवणं असतं. हा वेगळाच होता. ह्या हसत होत्या. पुन्हा पुन्हा, सगळ्या मिळून, काही कारण नसताना. भिंतीकडं बघत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतका तो आवाज चांगला होता.

चौथ्या तबकडीला खोकला सुरू झाला.

तंबाखूची जी बारीक धूळ असते तिला खकाणा म्हणतात. निपाणीत वखारीवरून नुसतं गेलं तरी नाक चुरचुरतं. तिथल्या बायका आयुष्यभर खोकतात आणि खोकत खोकत बोलतात, त्यांना स्वतःला ते जाणवतही नाही. माझंही नाक झोंबायला लागलं. मी रुमाल बांधला आणि मनात म्हटलं, निपाणी आहे, चालायचंच. आणि माझं बोट बटणावर गेलं. केसभर वर. खोकला बुडाला. पाय जोरात पडायला लागले. पुढच्या गाण्याला खोकला पुन्हा वर आला, तेव्हा मी बटण पुन्हा वर घेतलं. ह्या वेळी केसभर नव्हे. नव्या पेटीचा ठोका माझ्या पाठीत वाजत होता आणि मला वाटत होतं, आता खरी रंगत आली.

मग घंटा वाजली. एकदा नाही, दोनदा नाही, वाजतच राहिली. मी सुई उचलली.

गाणं बंद झाल्यावर त्या वखारीत फक्त खोकला होता, चारी बाजूंनी. आणि त्याखाली एक आवाज, बारीक, शिट्टीसारखा, श्वास आत जात नाही तेव्हा येतो तसा.

“अण्णा, आत या,” हौसाक्का ओरडली. “पडदा राहू द्या, या आदी.”

आत सगळं पिवळट दिसत होतं. बायका तोंडाला पदर लावून उभ्या. तारा माझ्या पेटीला टेकून बसलेली, दोन्ही हात फरशीवर रोवून, खांदे वर-खाली होत होते. कुणीतरी दोन्ही दारं उघडली. मी एका खिडकीचं गोणपाट ओढलं, पण खिळे मी पक्के मारले होते.

मी टेम्पो दारात आणला. तिला आत घातलं. एक वयस्क बाई सोबत बसली. मला वाटलं हौसाक्का पुढं चढेल. ती चढली नाही. तिनं बहिणीच्या तोंडावरनं हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

“तुमी हिला घिऊन फुडं व्हा. मी ह्या समद्यांस्नी घरोघर सोडून येतो. शब्द दिलाय.”

दवाखाना लांब नव्हता. वाटेत ताराला मधेच थोडा श्वास आला, तेव्हा ती माझ्याशी बोलली. तुटक, दोन दोन शब्दांनी. “आक्काला… सांगू नगासा. दमा हाय मला. मुकादमाला कळलं तर… कामावर घ्याचं न्हाय.” तिनं तो लपवला होता. जिथं सगळ्याच खोकतात तिथं एकीचा खोकला वेगळा कुणाला ओळखू येणार? मी आवाजाचा माणूस, मलाही आला नाही. मी म्हटलं, “न्हाय सांगत. तू गप पड.”

डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. दिवे लागायच्या आधी ती गेली.

हौसाक्का आली तेव्हा पावसात नखशिखांत भिजलेली होती. गावाच्या पार टोकाच्या गल्लीपर्यंत चालून आलेली. आत काय झालंय ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. दारातूनच ती म्हणाली, “समद्या पोचल्या गं तारे.” मग तिनं माझं तोंड बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला वखारीत गेलो. पेटीच्या वरच्या फळीवर बोटभर खकाणा बसला होता. आदल्या दिवशी मी ती पुसून ठेवलेली. तेव्हा पहिल्यांदा मी मान वर केली. छपराचे वासे आणि आढं वर्षानुवर्षांच्या खकाण्यानं तपकिरी झालेलं, लव आल्यासारखं. आणि बरोबर पेटीच्या वर मात्र लाकूड स्वच्छ दिसत होतं. ठोक्यानं तिथलं सगळं खाली आलं होतं. फरशी दोनदा झाडून आम्ही निर्धास्त होतो. पाणी शिंपडायला बंदी. वारा जायची वाट मीच खिळे मारून बंद केलेली. आणि बायका खोकून सांगत होत्या, तर मी आवाज वाढवत होतो.

गावानं मला दोष दिला नाही. उलट, भोंगेअण्णा देवमाणूस, स्वतःच्या टेम्पोनं नेलं, असं लोक बोलायचे. दोष दिला हौसाक्काला. बाया नाचवायला निघाली, त्याचं फळ मिळालं, असं तिच्या तोंडावर म्हणणारे होते. ज्या साठ घरांत तिनं साठ बायका सुखरूप पोचवल्या त्यांतल्या कित्येकांनी तिच्याशी बोलणं सोडलं. माझ्या कानावर हे येत होतं. एकदा जाऊन चावडीवर उभं राहून सांगावं, खिडक्या मी बंद केल्या, बटण मी वाढवलं, असं मनात यायचं. बस होती, दोनेक तासांचा रस्ता होता. मी गेलो नाही. हौसाक्का आता ह्या जगात नाही. म्हणून आज लिहिणं सोपं जातंय, हेही मला कळतं.

तारा जाऊन वर्ष होत आलं तेव्हा, उन्हाळ्यात, हौसाक्का खासबागेत माझ्या दुकानात आली. वाळली होती. स्टुलावर बसली, पाणी प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली.

“औंदा उघड्यावर घिऊया अण्णा. आत्ताच, पावसाच्या आदी. गावाभायेर माळ हाय. भवतीनं बांबू रोवून लुगडी बांधू, म्हंजे कोन बघायचं न्हाय. वर आभाळ मोकळं. मी इचार केलाय समदा.”

“येणार कोण?” मी विचारलं. “तुझ्याशी तर…”

“धा जणी तयार हाईत. धा तर धा.”

मी नाही म्हणालो. पुष्कळ कारणं सांगितली. जबाबदारी मोठी, पोलिसांची परवानगी, कुणाला काही झालं तर, लोक काय म्हणतील. ती कारणं खोटी नव्हती. तिनं सगळी ऐकून घेतली.

“तारी गेली म्हणून बाकीच्यांनी पाय दुमडूनच बसायचं व्हय?” ती म्हणाली. रागानं नाही, खरोखर विचारल्यासारखं.

मी फडक्यानं टेबल पुसत राहिलो. मग ती म्हणाली, त्या दिवशी अर्धं राहिलेलं गाणं असलं तर लावा. ती तबकडी मी वेगळी ठेवली होती. लावली, अगदी हळू. ती स्टुलावर ताठ बसून ऐकत होती. दोन कडवी झाली आणि तिला खोकला आला. माझं बोट सवयीनं बटणावर गेलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी आवाज पार बंद केला. ती बराच वेळ खोकली. मी तो सगळा ऐकला.

जाताना ती दारात थांबली.

“अण्णा, वडगावचा बापयांचा नाच चालूच हाय न्हवं?”

“हाय.”

“बरं,” ती म्हणाली, पदर डोक्यावर घेतला आणि बसस्टँडकडं चालू लागली.

त्या शुक्रवारी मी वडगावला गेलो. बांबू रोवले, दोरी बांधली, चार वाटा ठेवल्या, पिंपं भरून घेतली. शेवटच्या तीन तबकड्या संथ लावल्या. दिवे लागायच्या आत सगळे सुखरूप घरी गेले.